सेवा करते, पण माया वाटत नाही

‘आज्ञा मी सगळ्या पाळते. पण पाळताना प्रेम वाटत नाही. मग हे ढोंगच झालं ना?’

मिरज-सांगली भागातल्या ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न वरचेवर विचारतात. कुणी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करत असतं, कुणी व्यसनी भावाची मुलं सांभाळत असतं, कुणी जमिनीच्या वादानंतर चुलत्याशी पुन्हा बोलायला लागलेलं असतं, तेही केवळ प्रभूने सांगितलं म्हणून. काम चालू असतं, मन कोरडं असतं आणि त्या कोरडेपणाचाच धसका बसलेला असतो. खालची हकीकत एका घराची म्हणून वाचता येईल, पण ओळख पटू नये यासाठी दोन-तीन घरांचे तपशील तिच्यात मिसळले आहेत.

ताई मिरजेच्या, पंचेचाळिशीच्या, स्टाफ नर्स. सासूबाई ७८ वर्षांच्या. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक, लघवीला नळी, शिवाय डायपर. यजमान साखर कारखान्यात कामाला, धाकटे दीर सांगलीत, नणंद पुण्यात. झटक्यानंतर तिसऱ्या महिन्यात ताईंनी नोकरी सोडली. ‘घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला?’ असं सगळ्यांचं मत पडलं. ताईंचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मिरजेत या मताला वजन आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं. इथल्या ख्रिस्ती घरांत आजी नर्स, आई नर्स, सून नर्स अशा पिढ्या सापडतात. सेवा हा या मंडळीचा, म्हणजे इथल्या चर्चच्या समाजाचा, अभिमान आहे आणि तो खरा आहे. पण त्याच अभिमानापायी ‘मला झेपत नाही’ हे वाक्य या घरांतल्या बाईच्या तोंडून सगळ्यात शेवटी निघतं.

ताई आल्या त्या एका वचनामुळे. रविवारच्या उपासनेत बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला गेला. आपलं सगळं अन्नदानात दिलं, शरीरही दिलं, पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. ताई म्हणाल्या, ‘तिसरं वचन ऐकलं आणि वाटलं, हे माझंच नाव घेऊन वाचतायत. मी करते सगळं. माया एका पैशाची नाही.’ त्यानंतर होती नव्हती ती झोपही उडाली. दिवसातून दहादा मनातल्या मनात क्षमा मागायची आणि दर वेळी वाटायचं की नीट मागितली गेली नाही.

असा प्रश्न समोर आला की लगेच बायबल उघडू नये. पहिल्या भेटीत चोवीस तासांचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा. ताईंचा असा होता: दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. दिवसातून पाच वेळा खाणं. पातळ पदार्थाने ठसका लागतो म्हणून सगळं घट्टसर करायचं, पाठ उंच करून बसवायचं, लहान चमच्याने एकेक घास द्यायचा, तो गिळल्याची खात्री करायची आणि खाल्ल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. एका खाण्याला पाऊण तास. नळीची पिशवी, डायपर, अंग पुसणं, हातापायांचे व्यायाम. वर स्वयंपाक आणि बारावीतली मुलगी. रात्रीची सलग झोप दीड तासाच्या पुढे कधी जात नव्हती, आणि असं वर्षाहून जास्त चाललेलं.

एवढ्या झोपेवर कुणाचीच माया टिकत नाही. झोप अशी तुकड्या-तुकड्यांत मोडली की चिडचिड वाढते, आनंद होईनासा होतो, आपलंच चुकतंय असं सारखं वाटतं. ही थकव्याची लक्षणं आहेत, पण देवभीरू माणूस त्यांना ‘माझा विश्वास थंडावला’ असं नाव देतो. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर.

म्हणून पहिला गृहपाठ एकच होता. आठवड्यातल्या चार रात्री ताईंनी अकरा ते चार सलग झोपायचं, दुसऱ्या खोलीत. त्या वेळची कूस यजमानांनी बदलायची. त्यांना शिकवायला एक संध्याकाळ पुरली. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं न वळवता जरासं कलतं, तीस अंशांच्या आसपास, आणि पाठीमागे उशी. पोटऱ्यांखाली उशी ठेवली की टाचा गादीला टेकत नाहीत. माकडहाड, कंबरेची हाडं, घोटे, टाचा बॅटरीच्या उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर तिथे व्रण सुरू होतोय असं समजायचं. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा दुखावतो. एअर मॅट्रेस आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही, अंतर किती वाढवायचं ते डॉक्टरांनी सांगायचं.

हे इतकं बारीक लिहायला कारण आहे. ‘तू आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ ही आज्ञा अर्धांग झालेल्या आईच्या बाबतीत त्या उशीपाशी आणि त्या लाल डागापाशी पाळली जाते. पलंगाशेजारी बसून डोळ्यांत पाणी आणणारा मुलगा खोटं रडतो असं मुळीच नाही. पण आईची टाच त्याने कधी बघितली नसेल, तर आज्ञा पाळायला त्याने अजून सुरुवात केलेली नाही.

पुढच्या भेटीत ताई जरा मोकळ्या झाल्या. ‘एक सांगू का? मी प्रार्थना करते, देवा, ने आता त्यांना. आणि मग वाटतं, मी खुनी आहे.’

असं वाक्य आलं की समुपदेशकाने दचकायचं नाही आणि सारवासारवही करायची नाही. सरळ विचारायचं. कधी हात उगारलात का? औषध मुद्दाम चुकवलंत किंवा जास्त दिलंत, निदान तसा विचार आला का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का? विचारल्याने असले विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे, उलट माणसाला हायसं वाटतं. ताईंचं उत्तर तिन्हींना ‘नाही’ होतं. ‘हो’ आलं असतं तर त्याच दिवशी सासूबाईंचं दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं आणि मनोविकारतज्ज्ञांची गाठ घालून द्यायची, बाकी सगळं मागाहून. हाल बघवत नाहीत म्हणून ‘सोडव’ असं देवाला म्हणणं हे देवाकडेच नेलेलं गाऱ्हाणं आहे. स्तोत्रसंहितेतली माणसं याहून कडक बोलतात.

पण दुसरी एक गोष्ट होती. मान खाली घालून ताईंनी सांगितलं, की डायपर बदलायला झालाय हे कळूनही त्यांनी दोनदा तो तासभर तसाच ठेवला. आदल्या दिवशी सासूबाई तुटक शब्दांत धाकट्या सुनेचं कौतुक करत होत्या म्हणून. इथे ‘जाऊ द्या हो, माणूस आहात’ असं म्हणून विषय बाजूला सारणं म्हणजे ताईंवर अन्यायच. त्या जे सांगत होत्या ते खरोखर चुकलेलं होतं, आणि ते चुकलेलं म्हणूनच ऐकून घ्यायला हवं होतं.

खरा दोष आणि नुसती अपराधी भावना वेगळी काढायला एक कसोटी फार उपयोगी पडते. खऱ्या दोषाला दिवस असतो, माणूस असतो आणि करण्याजोगी भरपाई असते. ‘मी वाईट ख्रिस्ती आहे’ याला यातलं काहीच नसतं. पहिल्याची कबुली एकदाच, काय केलं ते स्पष्ट म्हणून, देवाजवळ आणि जमेल तर त्या माणसाजवळ द्यायची. दुसऱ्यात कबूल करायला हाती काही नसतंच, म्हणून ती कबुली दिवसातून दहादा दिली तरी पुरत नाही. ताईंनी सासूबाईंचा चांगला हात धरून सांगितलं, ‘तुम्हाला मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. चुकलं माझं.’ सासूबाईंना ते कितपत कळलं हे सांगता येत नाही. त्यानंतर तीच गोष्ट आठवली तर नवी क्षमा मागायची नाही, ‘हे सांगून झालंय’ एवढं म्हणायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं, असं ठरलं. पहिले काही दिवस हे जड जातं. क्षमा मागितली की पाच मिनिटं बरं वाटतं, ते बरं वाटणं सोडावं लागतं. पण त्या पाच मिनिटांसाठी मागितलेली क्षमाच सहावं मिनिट आणखी वाईट करत असते.

मग बायबल. तेरावा अध्याय तिसऱ्या वचनावर संपत नाही, ताई मात्र तिथेच थांबल्या होत्या. त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, चौथ्यापासून सातव्या वचनापर्यंत मनाला काय वाटतं याबद्दल जे असेल त्याखाली रेघ मारा. सहनशील आहे, परोपकारी आहे, हेवा करत नाही, फुगत नाही. पेन्सिल पुढे सरकत राहिली. रेघ एकाच जागी आली, ‘सत्यासंबंधी आनंद मानते’ या शब्दांखाली. तो आनंदही समोरच्या माणसाच्या आवडीचा नाही, सत्याचा आहे. बाकी सगळं वागणं. मात्र ‘अपकार स्मरत नाही’ या शब्दांवर ताई बराच वेळ गप्प राहिल्या. तो धागा तेव्हा तसाच ठेवला.

आपल्या मराठी ख्रिस्ती मनाला हा धसका जास्त बसतो, त्यालाही कारण आहे. आपली भक्ती अभंगाच्या चालीवर वाढली. ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला. ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारायला आपण त्यांच्याकडून शिकलो. हे मोठं धन आहे, ते कुणी सोडू नये. पण डोळे भरून आले तरच भक्ती झाली, असा एक हिशेब त्याबरोबर नकळत मनात बसतो आणि कोरड्या दिवसांत तो माणसाला खात राहतो.

‘माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल,’ हे येशू बोलला ते शेवटच्या भोजनाच्या रात्री, शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर. त्यानंतर काही तासांतच गेथशेमानेच्या बागेत तो स्वतः पित्याची आज्ञा पाळताना दिसतो, आणि तिथे उल्हास नाही. हा प्याला दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. त्या रात्रीच्या आज्ञापालनात प्रेम नव्हतं असं कुठला ख्रिस्ती माणूस म्हणेल? आणि मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातल्या दोन मुलांपैकी एक बापाला तोंडावर ‘जात नाही’ म्हणाला आणि नंतर द्राक्षमळ्यात गेला. येशूने बापाची इच्छा पुरी केल्याचं श्रेय त्यालाच दिलं. तासगावकडच्या बागांतून छाटणीच्या दिवसांत ज्यांनी माणसं कामाला लावली आहेत त्यांना हे दोन्ही मुलगे ओळखीचे आहेत.

ताईंना हे त्यांच्या कामावरून पटलं. वॉर्डात रात्री दोनला बेल वाजली तर नर्स आपल्याला या पेशंटची माया वाटते का हे तपासत बसत नाही. उठते, आवाज खाली ठेवते, पडदा ओढून घेते. ‘मग घरीच का तपासत बसते मी?’ त्यांनीच विचारलं. थोडं थांबून उत्तरही त्यांनीच दिलं, ‘पेशंटशी जुनं काही नसतं.’

जुनं पुष्कळ होतं. लग्नात मानपान कमी पडला म्हणून वर्षभर अबोला. दुसरी मुलगीच झाली तेव्हा बघायलाही न येणं. ताईंच्या आईने घातलेल्या पाटल्या ‘सांभाळायला’ म्हणून घेतल्या, त्या नणंदेच्या लग्नात नणंदेच्या हातात दिसल्या. यातलं एक अक्षर कुणी कधी काढलं नव्हतं, आणि आता तर सासूबाई आजारी, म्हणून विषय कायमचा बंद.

अशा वेळी घरचे, आणि कधी कधी मंडळीतले वडीलधारेही, म्हणतात, ‘क्षमा केली म्हणा आणि सोडून द्या.’ घाईने म्हटलेली क्षमा टिकत नाही, कारण नेमकी कशाची क्षमा केली तेच ठरलेलं नसतं. ताईंनी वहीत एकेक प्रसंग लिहिला. काय झालं, त्यात माझं काय गेलं, आणि मी अजून कशाची वाट बघते आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ दर वेळी तेच आलं: त्यांनी एकदा ‘चुकलं’ म्हणावं. बोलणं असं तुटक झालेल्या बाईकडून ते आता येण्याची आशा फार थोडी. ती वाट बंद झाल्याचं दुःख ताईंनी कधी केलंच नव्हतं. त्या दिवशी त्या पोटभर रडल्या. कोरडेपणा म्हणून जे वाटत होतं त्याच्याखाली हे दडलेलं होतं.

वही सासूबाईंना वाचून दाखवायची नाही हे पक्कं ठरलं. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्यासमोर जुने आरोप वाचणं हा न्याय नव्हे. पाटल्यांचं मात्र यजमानांना माहीत असायला हवं होतं, ते ताईंनी त्यांना सांगितलं. मग एका वेळी एक प्रसंग घेऊन, देवासमोर मोठ्याने: ‘याची वसुली मी त्यांच्याकडून करणार नाही. टोमणा मारून नाही, डायपर उशिरा बदलून नाही.’ शेवटचे हे शब्द गाळायचे नाहीत. कुठल्या वागण्यातून आपण वसुली करतो हे ज्याचं त्याला ठाऊक असतं, आणि क्षमा नेमकी तिथे लागू करावी लागते. राग परत येणारच. तो आला म्हणून क्षमा खोटी ठरत नाही, वसुली सुरू झाली तर ठरते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला कधी करडूदेखील दिलं नाही. आज्ञा मोडली नाही हे खरंच आहे. पण सगळं लिहून ठेवलेलं आहे. प्रेमाविना पाळलेली आज्ञा कशी दिसते हे बघायचं तर त्याच्या त्या हिशेबाकडे बघावं, कोरड्या मनाकडे नव्हे.

‘योहान म्हणतो त्याच्या आज्ञा कठीण नाहीत. मग माझं कंबरडं का मोडलंय?’ हा ताईंचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, देवावर प्रीती करणं म्हणजे त्याच्या आज्ञा पाळणं असं म्हटल्यावर लगेच ते शब्द येतात. उत्तरासाठी चोवीस तासांचा कागद परत काढला आणि प्रत्येक कामापुढे लिहिलं, हे आणखी कोण करू शकेल आणि ते का करत नाहीत. नळी बदलणं आणि व्रण झालाच तर त्याची मलमपट्टी, एवढं सोडलं तर नर्सच लागेल असं एकही काम नव्हतं. ‘का करत नाहीत’ या रकान्यात मात्र खालपर्यंत एकच: विचारलं नाही.

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मुलांना दिलेली आहे. सुनेने करू नये असं कुणी म्हणत नाही, रूथ आपल्यासमोर आहेच. पण रूथने आपल्या सासूला, नामीला, स्वतःहून धरलं, आणि नामीचे दोन्ही मुलगे तेव्हा वारलेले होते. जिवंत मुलांनी आपला वाटा सुनेकडे सरकवायचा आणि त्याला रूथचं नाव द्यायचं, हे आपल्या घरांत सर्रास होतं आणि ते चूक आहे. ताईंच्या पाठीवर आज्ञेचं वजन थोडंच होतं. दिरांचा वाटा, नणंदेचा वाटा, यजमानांचा वाटा आणि ‘मंडळीत लोक काय म्हणतील’ हे सगळं आज्ञेच्या नावाने तिथे चढलेलं होतं.

घरची बैठक घेतली, नणंद फोनवर. असल्या बैठका दोन कारणांनी फसतात: जुने विषय निघतात, किंवा सगळे ‘जमेल तसं करू’ म्हणून उठतात. म्हणून आधीच ठरवलं होतं की ताई तक्रार करणार नाहीत, फक्त कागद वाचतील, आणि बाकीच्यांनी वार, वेळ आणि रुपये यांतच बोलायचं. दीर म्हणाले, ‘वहिनींसारखं आम्हाला कुठलं जमायला!’ वरून हे कौतुक वाटतं, पण यातून वाटा टळतो. त्यांना विचारलं, शनिवारी रात्री नऊ ते रविवारी दुपारी एक, महिन्यातून दोनदा, जमेल का? सांगलीहून मिरज ते केवढं! जमलं. नणंदेने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, तिच्यातून दिवसा सहा तासांसाठी एक मावशी. यजमानांच्या चार रात्री कायम.

पहिल्याच रविवारी गडबड झाली. दिरांनी सासूबाईंना आडवं असतानाच पाणी पाजलं, ठसका लागला, ताईंना उपासनेतून बोलावलं. ‘राहू दे, मीच करते’ हे वाक्य अशा वेळी ओठांवर येतं आणि महिनाभराची घडी एका क्षणात विस्कटते. ताईंनी ते वाक्य गिळलं आणि पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत कागद लावला: बसवल्याशिवाय काही पाजायचं नाही, पाणीही घट्ट करून, हनुवटी जरा खाली. फोन कधी करायचा तेही लिहिलं. ठसका थांबत नसेल, श्वास लागला असेल, ताप आला असेल, पिशवीत लघवी येत नसेल तर. एरवी नाही.

रविवारचा विषय ताईंना आणखी एका कारणाने टोचत होता. उपासना चुकते म्हणजे विश्रामवाराची आज्ञा मोडते, असं त्यांनी धरलं होतं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने बोल लावला तो ‘हे देवाला वाहिलंय’ असं म्हणून आईबापांची मदत टाळणाऱ्यांना. आजाऱ्यापाशी थांबल्यामुळे चुकलेली उपासना त्यात बसत नाही. उलट विश्रामाची आज्ञा दासदासींना आणि गुराढोरांनाही विसावा देते, आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तिचं कारण दिलंय की तुम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होता. या घरात ताईंना विसावा नव्हता, तेव्हा आज्ञा मोडत असेल तर ती सगळं घर मिळून मोडत होतं. हे वाक्य यजमानांना लागलं. लागायलाच हवं होतं. पाळकसाहेब आता महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन घेऊन येतात. त्यांना गिळण्याच्या त्रासाची आधी कल्पना दिली होती, त्यामुळे सासूबाईंना नीट बसवून भाकरीचा अगदी कण द्राक्षारसात भिजवून दिला जातो.

आणि देव रागावला असेल ही भीती? तिला निर्गमाच्या पुस्तकाचा क्रमच उत्तर देतो. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांनी समुद्र ओलांडला तो चौदाव्या अध्यायात, आज्ञा मिळाल्या त्या विसाव्यात. ‘आज्ञा पाळा, मग सोडवीन’ असं देवाने त्या लोकांना सांगितलं नव्हतं. भीतीने पाळलेली आज्ञा आणि प्रेमाने पाळलेली आज्ञा बाहेरून सारखीच दिसते, फरक कळतो तो चुकल्यानंतर. भिणारा एक तर लपतो किंवा प्रायश्चित्त म्हणून दुप्पट राबतो. ज्याला आपण आधीच स्वीकारले गेलोय हे ठाऊक असतं, तो चूक सांगतो आणि उरलेलं काम उचलतो. ताईंनी डायपरची गोष्ट सांगून टाकली, ती दुसऱ्या जातीची होती.

काही महिन्यांनी ताईंची झोप सहा तासांवर आली, सारखी क्षमा मागणं थांबलं. राग येतो. सासूबाईंना धाकटी सून अजूनही जास्त आवडते. मायेचं विचाराल तर, ताई म्हणतात, कधी वाटते, कधी नाही, आणि वाटली का हे त्या आता रोज बघत नाहीत.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. पुरेशी झोप मिळूनही दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, जेवण सुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील, किंवा तेच ते पाप मनात घोळवण्यात, धुण्या-पुसण्यात, प्रार्थना पुन्हा पुन्हा ‘नीट’ म्हणण्यात रोज तासभर जात असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर औषधं आणि उपचार आहेत, मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. औषध घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही. आणि ज्याची सेवा चालू आहे तोच मारहाण करत असेल, किंवा घरातलं दुसरं कुणी, तर आधी सुरक्षित जागी जावं. सोसत राहा अशी आज्ञा नाही.

अशी सेवा करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माणूस गेल्यावर पहिल्या काही दिवसांत सुटल्यासारखं वाटतं, आणि दोनेक आठवड्यांत त्या सुटकेचीच अपराधी भावना येते. शरीराचा वर्षभराचा ताण उतरत असतो म्हणून सुटल्यासारखं वाटतं. प्रेम होतं की नव्हतं याचा निकाल त्यावरून लावू नये. त्या महिन्यात दागिन्यांच्या वाटण्या करू नयेत, पाटल्यांसारखा विषय असेल तर मुळीच नाही. झोपेच्या वेळा त्याच ठेवाव्यात, कारण कूस बदलायच्या वेळी जाग येत राहते, बहुतेकांना कित्येक आठवडे. समुपदेशकाची एक भेट निधनाआधीच ठरवून ठेवावी, पंधरा दिवसांनंतरची.